आखाजीचा मुराळी

आई, आज आखाजी. तुम्ही नाशिकची माणसं अक्षय तृतीया म्हणता, पण इकडे राहून राहून माझ्या तोंडात आखाजीच बसलंय. सकाळी तुझ्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, शेजारी आमरसाची वाटी. घागर मुलानं भरायची असते म्हणे. तुला मुलगा नाही, आता कोण काय करणार? पुरण मात्र घातलं नाही गं. तुला पोळी किती आवडायची ते ठाऊक आहे, पण अंगात त्राणच राहिलेलं नाही. हल्ली सकाळी भाकरी थापायची म्हटलं तरी आधी ओट्याला टेकून उभी राहते थोडा वेळ. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. काही झालेलं नसताना माणूस इतकं दमतं कशानं, ते मात्र सांगत नाहीत. आता दुपार आहे, ऑफिसला सुट्टी आहे, गल्लीत सगळे जेवून आडवे झालेत. तुझ्याशी बोलावंसं वाटलं. समोरासमोर बोलायला बसलो की आपलं भांडण व्हायचं, म्हणून लिहितेय.

मी इथं आले ती सकाळ तुला आठवत असेलच. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक सटाण्याला. तू तेव्हा सायखेड्याचं स्थळ जवळजवळ पक्कं करून बसली होतीस. गोदाकाठची जमीन, घरात दोनच माणसं, पोरगा निर्व्यसनी. मी म्हटलं, मला आधी नोकरी करायची आहे. तू म्हणालीस, ''लगीन करून जा, नवऱ्यासंगं जा, चंद्रावर जा. पण बिनलग्नाची पोर एकटी परगावी राहती, ह्ये आपल्यात कधी झालं नाय.'' चार दिवस आपण एकमेकींशी धड बोललो नाही. शेवटी मी पिशवी भरली तेव्हा तू उंबऱ्यात उभं राहून म्हणालीस की जातीस तर जा, पण मी त्या गावात पाय ठेवायची नाय, आणि तूबी बोलावल्याबिगर इथं येऊ नकोस. एवढं बोलून तू विळा घेऊन मळ्यात निघून गेलीस. मी निघाले तेव्हा तू वाफ्यात वाकलेली होतीस, पाठ माझ्याकडे. मी बांधावर थोडी थांबले. तू वर पाहिलं नाहीस. मलाही काही कमी ताठा नव्हता, मी हाक मारली नाही. शेवटी कोणाची मुलगी!

इथं येऊन पिशवी उघडली तर माझे सगळे कपडे काळे. तू कधी तरी गुपचूप तुझा छोटा तवा तळाशी घालून ठेवला होतास, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि वाटेत कागद फाटून त्याची काजळी माझ्या दोन्ही नव्या पंजाबी ड्रेसना लागली होती. मी आधी चिडले. मग त्या तव्याकडे बघत लॉजच्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. ड्रेसचे डाग काही शेवटपर्यंत गेले नाहीत.

खोली मिळता मिळेना. तेव्हा सटाणा म्हणजे मोठं खेडंच, कांद्याचं मार्केट, दोन-तीन पेठा आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, ''मिस्टर कुठं असतात?'' लग्न झालेलं नाही म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा दार लावल्यासारखा व्हायचा. कोणी म्हणायचं, आमच्या इथं पाण्याचा त्रास आहे. कोणी म्हणायचं, खोली परवाच दिली. एका घरी तर मला चहा पाजला, माझी जात-पात, गोत, सगळं विचारून घेतलं आणि मग आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं. खोलीचं नाव नाही! पायांचे तुकडे पडले होते. मनात म्हटलं, आई म्हणत होती तेच खरं, जावं परत. पण परत यायला तू मला तोंड ठेवलं होतंस का?

मग जिजी भेटली. तू तिला ओळखतेस, पण मला ती पहिल्यांदा कशी भेटली ते कधी सांगितलं नाही तुला. ओट्यावर बसून शेवया वाळत घालत होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत तिचे म्हातारे यजमान झोपलेले. दोघंच राहायची, एकुलती मुलगी मालेगावकडे दिलेली. तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, ''एकली राहशी?'' म्हटलं, हो. ''घरमा कोन शे?'' म्हटलं, आई. ''मंग आठे कसाले उनी?'' म्हटलं, नोकरीसाठी. तिनं शेवयांवरची माशी हाकलली आणि म्हणाली, ''बरं. ये. पन दुपारले दार आपटू नको, म्हातारा झोपस.'' झालं. मिस्टरांची चौकशी नाही की काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की तिथंच तिच्या ओट्यावर बसकण मारली, आणि तिनं न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

ऑफिसात काम म्हणजे दिवसभर कानाला हेडसेट आणि समोर लाईनी जोडायची पाटी, म्हणजे स्विचबोर्ड. बाहेरगावी फोन लावायचा तर लोकांना आमच्याकडे कॉल बुक करावा लागायचा. कांद्याचे व्यापारी तर जीव खायचे, ''मॅडम, लासलगाव लागलं का? मॅडम, मुंबई लागली का?'' भाव पडले की शिव्या मला, जसं काही मीच पाडले. सगळ्या गावाची बोलणी माझ्या हातून जोडली जायची. आपल्या मळ्याशेजारच्या किराणा दुकानात फोन होता, त्याचा नंबर मला झोपेतसुद्धा पाठ. नाशिकची लाईन रोज हाताखालून जायची. पण मी तो नंबर कधी मागितला नाही. तूच म्हणाली होतीस ना, बोलावल्याशिवाय येऊ नकोस! मग मी का आधी बोलू? पोचल्याचं एक कार्ड तेवढं टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. दिवाळीला मी कामाची पाळी मागून घेतली. संक्रांतीला कोणी तरी तिळगूळ दिला तो टेबलावर तसाच पडून राहिला. रोज संध्याकाळी तुझ्या तव्यावर जाडजूड भाकरी करायची, तिखट-मीठ लावून खायची आणि अंथरुणावर पडायचं. मी ताठ होते गं, पण आतून पार थकून गेले होते.

मग उन्हाळा लागला आणि आखाजीची धामधूम सुरू झाली. नाशिकला मी असं कधी पाहिलं नव्हतं. इकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. घरोघरी लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, नुसता कल्ला. आणि लेकीनं आपल्या पायानं नाही यायचं. माहेरचं माणूस तिला न्यायला जातं, भाऊ नाही तर बाप. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला नाही तर लेक सासरीच बसून राहते आणि चार जणी तिच्याकडे बघून चुकचुकतात. जिजीची मुलगी आली, अंगणातल्या निंबाला झोका लागला. एक दिवस मी भांडी घासत होते, तर जिजी म्हणाली, ''तू कव्हय जाशी?'' मी म्हटलं, ''मी कुठं जाणार जिजी? हा तर लग्न झालेल्यांचा सण. माझं कुठं लग्न झालंय?'' ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ''लगीन नही ते माहेर बी नही का वं?''

 हाच तर प्रश्न होता, आई. गेले कित्येक महिने मी तोच गिळून बसले होते. बिनलग्नाची उंबरा ओलांडून गेलेल्या मुलीला माहेर उरतं की नाही? लग्न करून गेले असते तर तू डोळे पुसत मला बोळवलं असतंस, सणाला बोलावलं असतंस, माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली असतीस. मी गेले ती पगाराला गेले, म्हणून पाठ? जिजीला म्हटलं, मला भाऊ नाही, वडील नाहीत. ''मंग माय?'' म्हटलं, आई येणार नाही. आणि खरकट्या हातानं डोळे पुसले, त्यामुळे राख गेली डोळ्यांत, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर जिजी ऑफिसात हजर! नऊवारी चोपून नेसलेली, पायांत म्हाताऱ्याच्या चपला. सगळ्यांसमोर मला म्हणाली, ''तुना मायले फोन लाव.'' मी म्हटलं, जिजी, असं नाही करता येत. ''का? सरकारनी मनाई शे का?'' आमच्या सुपरवायझर बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, लाव गं, पीपी कॉल बुक कर त्यांच्या नावानं. पीपी म्हणजे ज्या माणसाशी बोलायचं त्यालाच बोलावून आणायचं. मी नाशिक मागितलं, दुकानाचा नंबर सांगितला, तुझं नाव सांगितलं. दुकानदार म्हणाले, थांबा, बोलावतो मळ्यातून. जिजीला मी लाकडी केबिनमध्ये बसवलं. पण तिचा तारेवर काडीचा विश्वास नव्हता. आपला आवाज नाशिकपर्यंत आपल्यालाच पोचवायचा आहे अशा बेतानं ती ओरडत होती, त्यामुळे तिची बाजू अख्ख्या ऑफिसनं ऐकली.

आधी ती म्हणाली, ''शे, शे. बरी शे. काय नही व्हयनं तिले.'' मग पुन्हा, ''शे ना, माय! बरी शे!'' मग म्हणाली, ''मी सटाणाथीन बोलस. तुनी पोर मना घर ऱ्हास. आखाजी उनी बहीण. गावन्या पोरी माहेरले चालन्यात, आन तुनी पोर आठे तोंड पाडीसन बठेल शे.'' मग बराच वेळ ऐकत राहिली. मग, ''भाऊ नही, मले ठाऊक शे. मंग तू ये. हसनारा हसोत.'' आणि शेवटी, केबिनच्या काचा हादरतील अशा आवाजात, ''नही सांगत! तिले काहीच नही सांगत!'' बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे न बघता सुपरवायझर बाईंना 'येस मी', म्हणजे येते मी, म्हणाली आणि गेली. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. मी मान खाली घालून पुढचा कॉल घेतला. कोणाला तरी पिंपळगाव हवं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि स्टँडवर रसवंतीच्या मागे जाऊन उभी राहिले. हे तुला माहीत नाही. तू नाशिकहून देवळ्यावरून आलेल्या गाडीतून उतरलीस. हातात वेताची टोपली, त्यावर ओलं फडकं. तू दमली होतीस. नवीन गाव बघून भांबावली होतीस, कोणाला तरी पत्ता विचारत होतीस. माझे पाय पुढे जाईनात. तू काही सांगू नका म्हणालीस ना, मग मला ठाऊक नाही असंच दिसायला हवं. मी मागच्या बोळातून पळत घर गाठलं आणि तांदूळ निवडत बसले. तू दारात आलीस. मी म्हटलं, ''अय्या, तू कशी?'' तू टोपली ठेवलीस आणि म्हणालीस, ''गडावर आले होते देवीला. म्हटलं इथवर आलोच हाय, तर बघावं कुठं राहती.'' गडावरून येणारी गाडी कळवणकडून येते, आई. आणि देवीला जाऊन आलेल्या बाईकडं ना प्रसाद, ना कुंकवाची पुडी. टोपलीत नुसता आपल्या मळ्यातला मोगरा. पण मी म्हटलं, हो का, गर्दी होती का गं? तू म्हणालीस, लय गर्दी. जिजी आतून खोकली.

तू माझी खोली बघितलीस. पाण्याचा माठ हलवून बघितलास, खिडकीचा कडी-कोयंडा बघितलास. तवा उचलून उलटा केलास आणि म्हणालीस, ''घासत नाय का कधी?'' एवढंच. सकाळी आपण निघालो तेव्हा जिजीनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ नि नारळ घातला. तू घाबरीघुबरी झालीस, ''अहो, पोरीचं लगीन नाय झालं अजून. ओटी कशी भरता?'' जिजी म्हणाली, ''परगाव नांदस ना पोर? मंग. खाली हाते कशी धाडू माहेरले?'' तुझं तोंड असं झालं की आता भांडतेस की रडतेस ते कळेना. तू माझी पिशवी उचललीस, मी नको नको म्हणत असताना, आणि स्टँडपर्यंत तूच वाहिलीस. गाडीत बाजूच्या बाईनं विचारलं, कुठं निघालात? तू म्हणालीस, ''लेकीला न्यायला आले होते.'' खिडकीबाहेर बघत म्हणालीस, पण म्हणालीस.

त्यानंतर तू दर आखाजीला आलीस. दर वर्षी गडावरूनच! गुडघे दुखायला लागले तरी गड सुटला नाही तुझा. लग्नाचा विषय काढायचीस, मी टोलवायचे, मग तू काढणंही सोडलंस. जिजी आणि तू ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचात, ती अहिराणीत, तू आपल्या बोलीत, आणि दोघींचं बरोबर जमायचं. मग ज्या वर्षी आमच्या ऑफिसातली ती पाटी निघाली आणि लोक घरून परस्पर फोन लावायला लागले, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात तू गेलीस. तुझ्या आजारपणाचा निरोप मला फोनवरच आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे जिजीही गेली. तिच्या मुलीनं मला खोली सोडू दिली नाही, तेवढं बरं. मी बिलांच्या खिडकीवर बसले, बरीच वर्षं बसले. आता हाताहातात मोबाईल आलेत, आमच्याकडे लोक फक्त जुना फोन बंद करायला येतात. मागच्या महिन्यात साहेब म्हणाले, मॅडम, नाशिकला जागा आहे, बदली घेता का? मी विचारलं, कोणाकडे जाऊ? ते हसले, त्यांना गंमत वाटली. आपल्या मोगऱ्याच्या वाफ्यांवर आता इमारत उभी आहे, खाली मोबाईलचंच दुकान आहे. मी एकदा जाऊन बघून आले, पुन्हा गेले नाही.

आखाजी जवळ आली की मी अजूनही पिशवी काढून झटकते. मग ठेवून देते. बाहेर पोरी झोक्यावर ओरडताहेत आणि मला इथं डोळे मिटून पडून राहावंसं वाटतंय. तुझ्याशी बोलूनही दमायला होतं बघ. पण एक राहिलंय, ते सांगते आणि थांबते.

लाईन लागली की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, दोघांमधलं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम होता. मी तो एरवी कधी मोडला नाही. त्या दुपारी मात्र मी हेडसेट काढला नाही. आपल्यासारख्यांच्या घरी तेव्हा बाहेरगावचा फोन यायचा तो कोणी गेलं तरच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉल जोडणाऱ्या बाईच्या! तू मळ्यातून धावत आलीस. चपलांचा आवाज नव्हता, म्हणजे अनवाणीच असशील. धाप लागलेली. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही, पहिलंच विचारलंस, ''माझी पोर हाय ना?'' जिजी सांगत होती तरी पुन्हा विचारलंस, रडत, ''हाय का नाय, तेवढं सांगा.'' आणि मी तुम्हा दोघींच्या मधे, तुझ्या कानाशी, हाताची मूठ तोंडात घालून गप्प बसले. एक शब्द बोलायचा होता. नोकरी गेली नसती. पुढे इतक्या आखाजींना तू समोर बसलीस, तेव्हाही बोलले नाही, कारण मग तुझा गड खोटा पडला असता. हा कागद काही पोस्टात पडायचा नाही, घागरीखाली ठेवून देईन आज. पण तू विचारलं होतंस, तर सांगते.

हाय, आई. दमलीय, पण हाय.